जमुनाच्या फोनवर चालेल तेच

७ ऑगस्ट, अकोला

डीन साहेबांनी आज बोलावून संगणक समिती माझ्या गळ्यात घातली. समिती म्हणजे मी एकटीच. गेल्या महिन्यात सभागृहातला प्रोजेक्टर बंद पडला होता, तेव्हा मी उठून त्याची वायर काढून पुन्हा लावली आणि तो सुरू झाला. तेवढ्यावरून मी टेक्निकल ठरले. आमचं पशुवैद्यकीय कॉलेज नवं आहे, दुसरीच बॅच येतेय. माणसं कमी, म्हणून जो जवळ उभा दिसेल त्याच्या डोक्यावर काम ठेवतात.

काम असं की पहिल्या वर्षाच्या मुलांकडे कसा कॉम्प्युटर असावा याची यादी करायची. मी शरीररचना शिकवते. कॉलेजात मोठ्या जनावराचा सांगाडा एकच, पूर्णाथडी म्हशीचा, आणि मुलं साठ. म्हणून यंदा एक परदेशी सॉफ्टवेअर घेतलंय. त्यात हाडं, स्नायू, नसा स्क्रीनवर हव्या तशा फिरवून पाहता येतात. ते चालवायला मशीन तसंच तगडं लागतं.

११ ऑगस्ट

यादी झाली. परदेशातल्या एका मोठ्या पशुवैद्यकीय शाळेची यादी समोर ठेवून केली. लॅपटॉपच हवा, टॅब किंवा फोन चालणार नाही. मेमरी अमुक, ग्राफिक्स कार्ड वेगळं, कॅमेरा चांगला. सगळ्यात वर ठळक अक्षरात "आवश्यक".

डीन साहेब म्हणाले, "छान. आता आपण खरोखर आधुनिक दिसतोय." ते पुण्याचे, कौतुक मोजून करतात. दिवसभर मजेत होते. शस्त्रक्रिया विभागाचे प्रीतम सर चहा घेऊन आले होते. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपला हे ग्राफिक्स कार्ड आहे?" नाहीये. मी म्हटलं, मी विद्यार्थी नाही. ते हसले. त्यांचा विभाग आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तरी चहा इकडचाच आवडतो म्हणतात.

१० नोव्हेंबर

मुलं आली. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत दिवाळी उलटली. चेहरे अजून भांबावलेले आहेत.

पुढल्या बाकावर वर्षाली बसते. दर्यापूरकडची, घरचा भाजीचा मळा, आवाज खणखणीत. तिच्या शेजारी जमुना बेठेकर. सेमाडोहच्या पलीकडच्या कोरकू गावातली, आश्रमशाळेत शिकलेली. विचारलं तरच बोलते. मी म्हशीच्या मानेचा मणका हातात दिला, तेव्हा बाकीच्यांनी तो पाहिला. तिने डोळे मिटून बोटांनी चाचपला. अंधश्रद्धा असेल काही, असं वाटून मी काही बोलले नाही.

१९ नोव्हेंबर

आज लॅपटॉप तपासणी झाली. यादीप्रमाणे मशीन आहे की नाही ते प्रत्येकाने माझ्या खोलीत येऊन दाखवायचं आणि मी रजिस्टरवर खूण करायची. मला वाटलं होतं निम्म्या मुलांकडे नसेल. जवळपास सगळ्यांकडे निघालं. डीन साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, अपेक्षा ठेवली की लोक ती पूर्ण करतात."

या बॅचला मेळघाटाचं वेड दिसतंय. पाहावं त्याच्या लॅपटॉपवर वाघाचा तोच स्टिकर. माल मात्र हलका असावा, सगळ्यांच्या वाघांचा डावा कान फाटलेला. पिंटू म्हणून एक उंच पोरगा आहे, त्याला विचारलं कुठून घेतलास. तो म्हणाला, "इथूनच, मॅडम," आणि दाराबाहेर पाहू लागला. मशीनही कमालीची गरम होती. मुलं रात्रंदिवस अभ्यास करताहेत असं दिसतं.

५ डिसेंबर

सॉफ्टवेअरवरची पहिली चाचणी झाली. सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत कधीही सोडवा, अशी मुभा दिली होती. निकाल पाहून खट्टू झाले. बऱ्याच जणांनी घाईघाईत कशीबशी उरकलीय. जमुनाने तर उघडलीच नाही. मुलगी हुशार वाटली होती, पण गंभीर दिसत नाही. सोमवारी बोलावते.

६ डिसेंबर, अमरावती

सकाळच्या गाडीने घरी आले. आईसोबत इर्विन चौकात गेले. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर मेणबत्ती लावली, आईने उभ्याउभ्याच वंदना म्हटली. भोवती पुस्तकांचे ठेले होते. आईने दरवर्षीप्रमाणे एक घेतलं.

परतताना तिला जमुनाचं सांगितलं. तिने आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला.

"तुवं तिले विचारलं का, काहून नाई देली परीक्षा?"

"सोमवारी विचारते."

"आधी मत बनवलं अन् मंग विचारतं," आई म्हणाली. "मायी हेडमास्तरीण बी अशीच होती."

माझा धाकटा भाऊ ललित जेवायला आला. त्याचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे. इंजिनीअरिंग अर्धवट सोडलं तेव्हापासून मी त्याच्याशी कामाचं बोलतच नाही, कारण बोललं की भांडण होतं. त्याने माझ्या यादीबद्दल चौकशी केली. मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळणार. तो भाजी वाढून घेत राहिला.

८ डिसेंबर

आजचं सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

जमुना आली. विचारलं, परीक्षा का दिली नाहीस? म्हणाली, "नंबर नाही आला, मॅडम."

"कसला नंबर?"

एवढ्यात दार ढकलून वर्षाली आत आली. बाहेर उभी राहून ऐकत असणार.

"लॅपटॉपचा नंबर, मॅडम. मायाच लॅपटॉप आहे तो. सकाळपासून पोरं एकामागं एक बसून राहिली होती. जमुनानं आपला नंबर पिंटूले देला, त्याचा ताप वाढून राहिला होता म्हणून. तिची पाळी आली तवा लाईट गेली, अन् बॅटरी तर कवाचीच गेली होती."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. मी विचारलं, "तपासणीच्या दिवशीही?"

"हो. व्हरांड्याच्या खिडकीतून बाहेर अन् तुमच्या दारातून परत आत."

वाघाचा स्टिकर. डावा कान. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग इतकी शरम वाटली की हसू तिथंच थांबलं. रजिस्टरवर मी स्वतःच्या हाताने त्या खुणा केल्या होत्या.

खुर्चीत बसून बोलायची सवय, म्हणून बोलले, "ही फसवणूक आहे, वर्षाली."

"यादी तुमी केली," ती म्हणाली. "लॅपटॉप माया आहे. तो कोनाले द्याचा ते मी ठरवतो. अन् पोरांनी काय कराव, मॅडम? घरी सांगाव का, कॉलेजात नंबर लागला पन आता परत येतो?"

मी रजिस्टर मिटलं. जमुना दाराकडे वळली होती, पण थांबली. हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? त्या सॉफ्टवेअरातल्या गायीले वशिंडच नाही."

"म्हणजे?"

"तिची पाठ सपाट आहे. आमच्याकडच्या गायीच्या पाठीवर वशिंड असते ना, त्याच्या खालची मणक्याची हाडं लांब असतात. त्यात तशी नाहीत. आणि म्हैस तर त्यात नाहीच."

ते परदेशी गायीचं आहे, असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण तीन महिने मी ते सॉफ्टवेअर उघडतेय, शरीररचना शिकवते, आणि ती पाठ मला कधी खटकली नाही.

९ डिसेंबर

डीन साहेबांकडे गेले. यादी मागे घ्या म्हटलं, आणि काय झालं ते मुलांची नावं न घेता सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "डॉ. सिरसाट, भावना बाजूला ठेवू. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आहे. साठ मुलांना हाडं यायला हवीत, सांगाडा एक आहे. सॉफ्टवेअर नको असेल तर पर्याय आणा. पर्याय नसेल तर यादी राहील, आणि ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्या घरी मला पत्र पाठवावं लागेल."

"आणते पर्याय," मी म्हटलं. पर्याय बोलून बसले होते, सुचलेला मात्र काहीच नव्हता.

१२ डिसेंबर

तीन दिवस नुसतं वाचते आहे. एखाद्या वस्तूचे चहूबाजूंनी भरपूर फोटो काढून कॉम्प्युटरला दिले की तो त्यातून गोल फिरणारी वस्तू उभी करतो. वस्तूसंग्रहालयात मूर्तींचं करतात असं. मग हाडांचं का होऊ नये? आपल्या म्हशीचं, आपल्या गायीचं? फोटो तर साध्या मोबाईलनेही निघतात.

वर्गात विचारलं, कोण येणार? आधी एकही हात वर आला नाही, तपासणीचं उघड झाल्यापासून सगळे मला घाबरून आहेत. मग वर्षाली उठली, मग जमुना, मग पिंटू. नंतर बाकं सरकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

१५ डिसेंबर

पहिला प्रयोग म्हशीच्या कवटीवर केला. टेबलावर माझी फुलाफुलांची चादर, वर ट्यूबलाईट. मुलांनी शेकड्याने फोटो काढले. वर्षालीचा लॅपटॉप सगळा दिवस घोंघावला आणि संध्याकाळी त्याने जे काही उभं केलं, ते बघून पिंटू खाली बसला. कवटीच्या कपाळावर चादरीतली जास्वंद उगवली होती, आणि एक शिंग टेबलाच्या आरपार गेलं होतं.

मुलं पोट धरून हसली. मी पण हसले, पण मनातून घाबरले. लॅपटॉपच्या पंख्यातून जळका वास येत होता. तो गेला तर मुलांजवळचं एकमेव मशीन जाईल.

१८ डिसेंबर

प्रीतम सर म्हणाले, घासून साफ केलेलं हाड चमकतं, म्हणून फोटोत पांढरे डाग येतात. खोलीतल्या दिव्यापेक्षा व्हरांड्याच्या सावलीत काढा. त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीतला गोल फिरणारा स्टूलही आणून दिला आणि काळी चादर अंथरून दिली. त्यांची आज रजा होती, तरी आले होते. त्यांना शरीररचनेची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं.

फोटो आता सुरेख येताहेत. जमुना स्टूल फिरवते, इतका हळू की फिरतोय हे कळतही नाही. हाडाची कुठली बाजू राहिली ते तिला हात लावून कळतं. आज धीर करून विचारलं, पहिल्या दिवशी मणका डोळे मिटून का पाहिलास? म्हणाली, "वासरू काढायला गायीच्या पोटात हात घालायचा असेल तर डोळे कामाचे नाहीत ना, मॅडम. सवय करून राहिली होती." अंधश्रद्धा म्हणे. मलाच ठेवावं वर्गात.

फोटो झाले. आता ते जोडायला ताकदीचं मशीन हवंय. कॉलेजात तसं एकही नाही.

२४ डिसेंबर

काल रात्री झोपायच्या आधी एकदम आठवलं. लग्नाचे व्हिडिओ. ललितचं मशीन.

त्याला फोन करायला मात्र सकाळ उजाडावी लागली. यादीबद्दल जे बोलले होते ते मधे येत होतं. शेवटी केला. त्याने सगळं ऐकलं आणि इतकंच म्हणाला, "पौष लागला, लग्नं बंद आहेत. मशीन रिकामीच पडून आहे. ये."

२७ डिसेंबर, अमरावती

वर्षाली आणि जमुनाला घेऊन आले. फोटो ड्राईव्हवर होतेच. पण कवटी परत काढावी लागली तर, म्हणून तीही पोत्यात बांधून सोबत घेतली. बडनेऱ्यापर्यंत समोरच्या बाकावरच्या मावशी पोत्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी राहवेना.

"काय व्हय बाई त्याच्यात?"

"म्हशीचं डोकं," वर्षालीने सांगून टाकलं.

मावशींनी पाय वर घेतले. मग बराच विचार करून म्हणाल्या, "पूजेचं हाय का?"

"नाही मावशी, परीक्षेचं," जमुना म्हणाली. अनोळखी माणसाशी ती आपणहून बोलली हे मी पहिल्यांदा ऐकलं. मावशींनी त्यावरही विचार केला आणि डब्यातला तिळाचा लाडू पोरींना काढून दिला.

स्टुडिओत ललितने काही न विचारता काम हातात घेतलं. मी त्याच्या मागे उभी होते. नवरीचे दागिने, जरीचे काठ, केसांतला गजरा जसा सुटा करून काढतात, तसं तो एकेका फोटोतून हाड सुटं करत होता. दुपारी त्याने बटण दाबलं आणि स्क्रीनवर कवटी उभी राहिली. शिंगाच्या मुळाशी असलेल्या वळ्या, दातांवरच्या झिजेच्या रेघा, सगळं. जमुनाने माऊसने फिरवली, खालून पाहिली, नाकाच्या भोकातून आत पाहिलं.

"आपलीच आहे," ती म्हणाली.

आईने सगळ्यांना वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. ललितच्या टेबलासमोर भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं दिसलं, माझ्या नेमणुकीची छोटीशी बातमी. चिकटपट्टी पिवळी पडली होती. भिंतीवरची ओल झाकायला लावलं असेल.

९ जानेवारी

ललित रोज नवी हाडं पाठवतो. म्हैस जवळजवळ पूर्ण झाली. गवळाऊ गायीची हाडं पांजरपोळातून मागून आणली, वशिंडाखालच्या लांब मणक्यांसकट.

आज मुलांच्या फोनवर टाकून पाहिलं. वर्षालीच्या फोनवर उत्तम. पिंटूच्या फोनवर अडखळत. जमुनाच्या फोनची काच तडकलेली, कंपनीचं नावही झिजून गेलेलं. त्यावर कवटी उघडायला सुरुवात झाली, स्क्रीन काळी पडली आणि फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

"माया फोन सोडा, मॅडम," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच्यात पाहीन."

मग सारखंच झालं की. लॅपटॉपची रांग गेली, फोनची आली. ललितला फोन करून सांगितलं, हाडं फार जड झालीत.

"हलकी केली का बारकावे जातेत, ताई."

"किती हलकी चालतील?"

"कोनाच्या फोनवर चालवाची ते सांग."

मी म्हटलं, जमुनाच्या. तिच्या फोनवर चालेल तेच पास. बाकीचं सगळं नापास.

तो म्हणाला, "तो फोनच पाठवून दे मायाकडं." जमुनाने फोन पिशवीत घालून दिला. घरच्यांशी बोलायला वर्षालीने तिला आपला फोन देऊन ठेवला.

१४ जानेवारी

काही नाही. ललितने आतापर्यंत पाठवलेलं सगळं एक तर बंद पडतं, नाही तर उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतं. डीन साहेबांनी बोलावून विचारलं, पत्रं तयार ठेवू का. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. प्रीतम सरांनी तिळगूळ दिला, घेतला, पण गोड बोलायचं त्राण नव्हतं. आपण मुलांना उगीच आशेला लावलं की काय, हेच मनात येत राहतं.

२० जानेवारी

चाललं.

ललित सकाळच्या गाडीने स्वतः आला. त्याने आकार पार हलका केला, अगदी थोड्या रेघांचा सापळा राहील एवढा, आणि बारकावे आकारात न ठेवता वरच्या चित्रात ठेवले. लग्नाच्या अल्बममध्ये साध्या पुठ्ठ्यावर मखमलीचं चित्र छापतात, तसं. वर एक गोष्ट अशी की एकदा फोनवर घेतलं की नेट लागत नाही. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गाण्यासारखं देता येतं.

वर्गासमोर जमुनाने तिच्या फोनवर उघडलं. तडकलेल्या काचेखाली म्हैस फिरली. तिने बोट टेकवलं की हाडाचं नाव येतं, मराठीतही आणि इंग्रजीतही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांची बोटं आपापल्या फोनवर होती. वर्ग संपायच्या आत ती म्हैस साठ फोनांत गेली. ललित दाराशी उभा होता. पिंटू त्याला सर म्हणाला, तेव्हा तो मागे वळून बघू लागला, कोणाला म्हणतोय म्हणून.

मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले. म्हटलं, "मला कळतं तेवढंच सगळं, असं वाटायचं मला." तो म्हणाला, "माईत हाय मले." आणि गाडीत चढला.

१७ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षक नागपूरहून आलेल्या, केस पांढरे, चेहऱ्यावर कसलीच दयामाया नाही. स्क्रीन नाही, फोन नाही, टेबलावर खरी हाडं कापडाखाली. एकेक उचलायचं आणि सांगायचं, कुठलं, कुठल्या बाजूचं, कोणाचं. डीन साहेब कोपऱ्यात बसले होते.

पिंटूला खुब्याचं हाड आलं. त्याने उलटंसुलटं केलं आणि डावं-उजवं बरोबर सांगितलं. वर्षाली इतक्या जोरात उत्तरं देत होती की बाहेरच्या मुलांना आधीच कळत होती. बाईंनी तिला दोनदा हळू बोलायला सांगितलं.

जमुनाच्या वेळी बाईंनी एक मणका पुढे केला, पण कापड काढलंच नाही. "हात आत घाल," म्हणाल्या. जमुनाने घातला. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, तिने खरंच मिटले.

"छातीचा मणका. पुढच्या भागातला. वरचं हाड लांब आहे, म्हणजे वशिंडाखालचा. गाय, म्हैस नाही. आपली गाय."

"आपली म्हणजे?"

"देशी."

बाईंनी कापड काढलं. काही वेळ त्या मणक्याकडे बघत राहिल्या, मग डीन साहेबांकडे. "ही मुलं कशावर शिकली?"

डीन साहेब उठले, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि म्हैस फिरवून दाखवू लागले. मी त्यांना ती कधी दिली नव्हती. कोणाकडून तरी आपणहून मागून घेतली असणार. बाईंनी चष्मा वर केला, त्यांचा फोन हातात घेतला आणि तो परत द्यायला खूप उशीर केला. त्यांच्या कॉलेजलाही हवं आहे म्हणाल्या.

सगळी पास. एकही मागे नाही. साहेब जाताजाता म्हणाले, "डॉ. सिरसाट, आवश्यक हा शब्द मी काढून टाकतोय. पुढं काय लिहायचं ते तुम्ही मुलांना विचारून ठरवा."

घरी फोन केला. आई म्हणाली, "त्या पोरीले विचारलं होतं का मंग?" म्हटलं, विचारलं. "पाह्य, विचारलं का मानूस सांगते," म्हणाली आणि ललितच्या हातात फोन दिला.

२६ फेब्रुवारी, सेमाडोह

जनावरांचं शिबीर. फोनला इथे टॉवर नाही, म्हणून हे वहीत आरामात लिहितेय.

जमुनाचा काका पुंजाराम बैल घेऊन आला. उमदा, पांढरा बैल, पण चालताना मागचा डावा पाय ताठ राहायचा आणि खूर जमिनीवर घासत जायचा. अधूनमधून झटका देऊन पाय सुटायचा आणि पुन्हा अडकायचा. "दिवाळीपासून असाच घसटते," पुंजाराम म्हणाला. "लोक म्हणतेत विकून टाक. हा गेला तर दुसरा एकटा काय करन?"

प्रीतम सरांनी पाय पाहिला. मुलांना गोळा केलं. मागच्या गुडघ्याची वाटी वर चढून अडकते, सांगितलं. तिला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्या असतात, त्यातली आतली एक कापली की वाटी मोकळी होते. "कुठली आतली, ते आधी तुम्ही मला दाखवा. मग मी चाकू उचलेन."

आम्ही शेवटी शेवटी हा सांधा पट्ट्यांसकट फोनवर घेतला होता. मुलांनी फोन उघडले. जमुनाने एकदाच पाहिला, फोन खिशात ठेवला. बैलाला दोराने अलगद आडवं केलं, अडकलेला पाय खालच्या बाजूला. पुंजाराम त्याच्या मानेवर हात ठेवून कोरकूत काहीतरी पुटपुटत राहिला. ती गुडघे टेकून बसली. आधी वाटी शोधली, मग मधली पट्टी, मग तिच्या आतली खाच. आणि बोट थांबलं.

"इथं, सर."

सरांनी तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं. ते माझ्याकडे बघून हसले, का ते माहीत नाही, बरोबर तर तिने सांगितलं होतं. बधिर करायची सुई दिली. लहानसा छेद, चाकूचं टोक आत, आणि दोर तुटावा तसा कट्ट आवाज आला. एक टाका. दोर सोडले.

बैल उठला. आधी उभाच राहिला, जणू पाय त्याचा नाही. मग एक पाऊल टाकलं. पाय वाकला. दुसरं टाकलं. खूर उचलला गेला, सरळ पडला. तो चालू लागला, धुळीवर घासल्याची रेघ न उमटवता, आणि पुंजाराम त्याच्यामागून चालत गेला, मैदान संपेपर्यंत, बैल परत आणायचं विसरून. वर्षाली रडत होती आणि कोणी विचारलं तर धूळ गेली म्हणत होती.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गावातली पोरं जमली. मधे जमुना, हातात तिचा तो फोन. ती कोरकूत समजावत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं आणि त्यावरून वाक्य कुठवर आलं ते कळत होतं. मी ओट्याच्या कडेला जागा करून बसले. प्रीतम सर शेजारी येऊन बसले, दमले असतील.

मधेच मी हात वर केला आणि विचारलं, वाटीला तुमच्यात काय म्हणतात? जमुनाने सांगितलं. मी म्हणून पाहिलं. पोरं हसली. पुन्हा म्हटलं, पुन्हा हसली. जमुना माझ्या तोंडाकडे बघत हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणत राहिली आणि मी तिच्यामागून म्हणत राहिले. शेवटी बरोबर आलं.